लार्कचे खिंडार

बाभूळवाडीला येणारा नवा माणूस दोन गोष्टी विचारतो. पहिली ही की, वाडीत औषधाला बाभूळ नाही, मग नाव असे का? आणि दुसरी ही की, वाडीच्या तोंडाशी छातीइतका उंच दगडी बांध आहे, त्याला मधोमध खिंडार पडले आहे, ते कुणी बुजवत का नाही? दगड तर तिथेच खाली पडलेले आहेत. दोन माणसे लावली तर दुपारपर्यंत बांध पुरा होईल.

ते दगड कुणी उचलत नाही. त्या जागेला लार्कचे खिंडार म्हणतात. लार्क ही एका घोड्याची आई. ती या मुलुखात कधी आली नाही, तिला इथे कुणी पाहिले नाही. पण तिचे नाव इथल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. त्याची हकिकत वाडीतली जुनी माणसे अशी सांगतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे नुसता माळ होता आणि माळावर पाच-सात झोपड्या. नाव नव्हते. दोन कोसांवर गोऱ्या पलटणीची छावणी होती आणि झोपड्यांतली माणसे छावणीत कामाला जात. त्यांत हैबती नावाचा मोतद्दार होता. मोतद्दार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा. हैबतीची आई त्याला जन्म देतानाच गेली होती आणि बाप तो पाच वर्षांचा असताना. पागेतच वाढला तो. माणसांशी बोलताना अडखळायचा, घोड्यांशी मात्र दिवसभर बोलत असे.

एका वर्षी छावणीत कार्टर नावाचा साहेब आला आणि त्याच्याबरोबर बोटीतून एक घोडा आला. रंगाने गडद तांबडा, कपाळावर पांढरा पट्टा, आणि छाती अशी की दारातून आत येताना चौकट अपुरी वाटावी. नाव थॉर्नबी. विलायतेत एक शर्यत असते म्हणे, तिथे नुसते पळून भागत नाही. वाटेत कुंपणे, भिंती, पाण्याचे चर येतात, ते सगळे उडी मारून ओलांडायचे. चाळीस घोडे सुटले तर दहा-बाराच शेवटाला पोहोचतात. तसली मोठी शर्यत थॉर्नबीने दोन वर्षे लागोपाठ मारली होती. छावणीतले गोरे शिपाई सुट्टीच्या दिवशी नुसते त्याला बघायला पागेत येत आणि टोपी काढून उभे राहत.

हैबती त्याला खरारा करायचा तेव्हा साहेब जवळ खुर्ची टाकून बसे. साहेबाला मोडकीतोडकी मराठी येत होती. एकदा हैबतीने विचारले, "साहेब, या नावाचा अर्थ काय?"

"थॉर्न म्हणजे काटेरी झाड. बी म्हणजे जुन्या बोलीत वाडी. तसल्या नावाचं गाव आहे आमच्याकडे. घोडा तिथे जन्मला."

"म्हंजे बाभूळवाडीच की! आन तुमचं नाव?"

"कार्टर म्हणजे गाडीवान. माझा कुणी पूर्वज गाडी हाकत असेल."

"आन ह्याच्या बापाचं?"

"मिलर. म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा."

हैबती खरारा हातात धरून हसत सुटला. "साहेब, तुम्ही गाडीवान, ह्याचा बाप गिरणीवाला! आमच्यात बी लोहार, सुतार हायतीच की. मला वाटलं, तुमची नावं आभाळातनं पडत असतील."

साहेबही हसला. मग त्याने पेटीतून घोड्याचा कागद काढून दाखवला. बापाच्या नावाशेजारी आईचे नाव होते, लार्क. लार्क म्हणजे चंडोल पक्षी. तिच्या आईचे नाव होते, तिच्याही आईचे होते. हैबतीला वाचता येत नव्हते, पण तो त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. घोड्याची आई अशी कागदावर जपून ठेवलेली त्याने कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक रीत धरली. मैदानात उडीची रपेट असली की तो अडथळ्यापाशी उभा राही आणि भालदारासारखी ललकारी देई, "थॉर्नबी! बाप मिलर! आई लार्क!" घोडा कान टवकारून ऐके, आणि शेवटचा शब्द कानावर पडला की उडे. बघणारे सांगत की ती उडी वाटायचीच नाही. वाऱ्याने पदर उचलावा तसा तो घोडा जमिनीवरून उचलला जाई.

अशी पाच वर्षे गेली. मग थॉर्नबीच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. पाय बरा झाला, पण साहेबाने वर्षभर त्याला उडवले नाही. तेवढ्यात साहेबाला मायदेशी परत जाण्याचा हुकूम आला. म्हाताऱ्या घोड्याला बोटीवर जागा नव्हती. आणि त्या साहेब लोकांची एक रीत होती. आपला घोडा मागे सोडायची वेळ आली तर तो विकायचा नाही, गोळी घालायची. विकलेला घोडा टांग्याला जुंपला जातो, चाबूक खातो, रस्त्यात पडून मरतो. त्यापेक्षा गोळी बरी.

साहेब वाईट नव्हता. हैबतीला हे सांगताना तो खिडकीकडे तोंड करून उभा होता म्हणे.

हैबतीने पाय धरले. "मला द्या त्याला."

"आज ठेवशील. उद्या घरात काही नसलं की जुंपशील."

"न्हाई जुंपायचा. त्याच्या आईची शपथ."

साहेब वळला. आपल्या आईची, देवाची शपथ घेणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. तो म्हणाला, "हैबती, उडी हाच त्याचा जीव. उडी विसरून तो नुसता उभा राहणार असेल, तर मला ते बघवणार नाही."

"मग इसरलाय का, ते तरी बघा."

तेव्हा ठरले. हैबतीच्या झोपडीपुढचा दगडी बांध घोड्याने उडी मारून ओलांडायचा. घोड्याने तीनदा नकार दिला की शर्यतीतून बाद, असा त्यांच्या शर्यतीचा नियम. तोच इथेही.

सकाळी साहेबाबरोबर आणखी चार साहेब आले. झोपड्यांतली माणसे लांब उभी राहिली. हैबतीची बायको साळू बांधापाशी होती, पोटाशी महिन्याची लेक धरून. कार्टर साहेब स्वतः घोड्यावर बसला. त्याच्या कमरेला पिस्तूल होते.

पहिल्या खेपेला हैबती गप्प राहिला. एवढ्या साहेबांपुढे मोतद्दाराने ओरडणे बरे दिसत नाही, असे त्याला वाटले. घोडा दौडत आला आणि बांधापाशी थबकला.

दुसऱ्या खेपेला त्याने आवाज काढला. "थॉर्नबी! बाप मिलर!" आणि तिथेच त्याची जीभ अडली. चारचौघांत कुणाच्या आईचे नाव घेणे म्हणजे आपल्याकडे शिवीच. पागेत गोष्ट वेगळी होती. इथे साहेब लोक खुर्च्या टाकून बसले होते, आयाबाया उभ्या होत्या. घोडा कान टवकारून आला, बांधापाशी आला, आणि उभा राहिला. मान वळवून हैबतीकडे बघू लागला.

साहेबांत कुणीतरी मान हलवली. कार्टर साहेबाने घोडा शेवटच्या खेपेसाठी मागे नेला.

साळू नवऱ्याजवळ सरकली. "अवं, त्यो उडी इसरला न्हाई. तुम्ही त्याच्या आईला इसरलाय."

"एवढ्या मान्सांत?"

"मान्सांत न्हाई तर कुटं घ्यायचं आईचं नाव? तिनं काय चोरी केलीया?"

तिसऱ्या खेपेला घोडा सुटला. हैबती बांधावर एका कडेला चढून उभा राहिला. "थॉर्नबी! बाप मिलर!" आणि मग छाती फुटेल असा, "आई लार्क!"

थॉर्नबी उडाला. हैबतीच्या अंगाला त्याच्या उडीचा वारा लागला म्हणतात. दुखरा पाय व्यवस्थित पलीकडे टेकला. फक्त मागच्या खुरांनी वरचे दगड उडवले आणि बांधाला खिंडार पडले.

कार्टर साहेब खाली उतरला. घोड्याच्या मानेला कपाळ लावून उभा राहिला. मग त्याने लगाम हैबतीच्या हातात दिला आणि सहज विचारले, "तुझ्या आईचं नाव काय रे?"

हैबतीला ते ठाऊक नव्हते. तिला सगळे त्याच्या बापाच्या नावाने, रामजीची बायको म्हणत. तेवढेच त्याने ऐकले होते.

साहेब गेल्यावर आठ दिवसांनी हैबती थॉर्नबीला हाताने धरून आईच्या माहेरी चालत गेला. सात कोस वाट. तिथे एका आंधळ्या म्हातारीला तिची आठवण होती. "ठकू," ती म्हणाली. "माझ्यासंगं काटक्या वेचायची. लई हसायची." हैबती परत येताना वाटभर ते नाव घोड्याला सांगत आला.

थॉर्नबी पुढे अकरा वर्षे जगला. त्याला कधी कुणी जुंपले नाही. लोक त्याला बाभूळवाडीचा म्हणत, आणि हळूहळू तो जिथे राहतो ती बाभूळवाडी झाली. तो गेला तेव्हा त्याला खिंडारापाशीच पुरले.

आजही वाडीत मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याला त्या खिंडारातून आत आणतात. मूल आत्याच्या हातात असते. बांधावर एक माणूस उभा राहतो आणि मोठ्याने मुलाचे नाव पुकारतो. मग बापाचे. आत्या तिथेच उभी राहते, पाऊल उचलत नाही. आईचे नाव कानावर पडले की मगच ती खिंडार ओलांडते.