गोठलेली बाटली

महाबळेश्वराकडच्या एका गावात सुंद्रा राहायची. नवरा गेला, मागे त्याची जीप राहिली; ती चालवायला त्यानेच सुंद्राला शिकवलं होतं. माहेर घाटापलीकडे, तिथवर एसटी जायची नाही, आणि आईला आता डोळ्यांनी दिसेना. सुंद्राचा जीव सारखा तिकडे ओढायचा.

पण कारभार थोरल्या दिरांचा. तात्या म्हणजे जगातलं सगळं कळणारा माणूस! नवरा गिअरबॉक्सला कंपनीने सांगितलेलं पातळ तेल घालायचा. तात्यांनी ते काढून ट्रकचं दाट तेल ओतलं. म्हणाले, "तेल दाट तर गाडी दमदार!" झालं, थंडी पडली तसा सकाळी गिअरच पडेना.

"गाडी म्हातारी झाली," तात्या म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय, विकून टाकू."

सकाळी तात्यांनी डोक्याला तेल मागितलं. तिने ओसरीवर गारठलेली खोबरेलाची बाटली दिली. तात्यांनी ती उलटी केली, झटकली, बुडाला थापट्या मारल्या. थेंब पडेना.

"भावजी, बाटली म्हातारी झाली वाटतं. गिऱ्हाइकाला देऊन टाकू?"

"खुळी का काय! बाटलीला काय धाड भरलीय? तेल गोठलंय थंडीनं!"

"मग माझ्या गाडीला तरी काय धाड भरलीय, भावजी?"

तात्यांनी बाटली उन्हात ठेवली. गिऱ्हाईक आलं तसं त्यांनी परत पाठवलं.

गिअरबॉक्सात पुन्हा पातळ तेल पडलं, आणि सुंद्राने घाट धरला. माहेरच्या चढणीवर तिने गिअर बदलला. तो आवाज ऐकून अंगणातली म्हातारी भिंत धरून उठली.

"चहाचं आधण ठेव गं," ती सुनेला म्हणाली, "माझी सुंद्री आली."