हत्तीण खडकाचा जोमा तांडेल

खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीची ही हकीकत. तेव्हा करंजखारच्या माणसांना पलीकडे जायला होडीशिवाय वाट नव्हती. खाडीच्या तोंडाशी हत्तीण नावाचा काळा खडक आहे. उधाणाच्या दिवसांत सुकती, म्हणजे ओहोटी लागली, की सगळ्या खाडीचं पाणी त्या खडकावर आदळून समुद्राकडे धावतं. त्याची ओढ अशी, की रोवलेला वासाही उपटून नेते.

त्या ओढीत जिताडा मासा धरणारा एकच माणूस होता, जोमा तांडेल. बाकीचे पाणी संथ व्हायची वाट बघत. जोमा म्हणायचा, "जिताडा ओढीशी भांडत नाय. तो खडकाच्या आडोशाला उभा राहतो, आन् पाणी काय आणून देतं ते बघतो." हत्तिणीच्या मागे पाणी गोल फिरतं. तिथे तो गळाला जिवंत बोय मासा लावून सोडायचा आणि पुरुषभर लांबीचे जिताडे वर काढायचा. असं म्हणतात, की दोर हातात धरला की खाली वाळू आहे की चिखल, हे त्याच्या बोटांना कळायचं.

एका वैशाखात त्याच्या एकुलत्या लेकीचं, हौशीचं लग्न ठरलं. लग्न पलीकडच्या गावी, नवऱ्याच्या दारी होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जोमा तांदळाची पोती घेऊन सकाळीच पुढे गेला. जाताना बजावून गेला, "सुकती सरेस्तोवर होडी सोडू नका." पण मुहूर्त टळत होता, म्हणून माणसांनी होडी सोडली. हत्तिणीपाशी ती आडवी झाली. अकरा माणसं गेली, त्यांत हौशीही गेली.

दोन दिवस झाले तरी पाण्याने कुणालाच काठाला लावलं नाही. देहच नाही, तर अग्नी कुणाला द्यायचा? माणसं काठावर नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी जोमा उठला. म्हणाला, "ती कुठं हायत ते मला ठावं हाय. जिताडा थांबतो तिथंच." त्याने मोठे गळ घेतले आणि त्यांची टोकं दगडावर घासघासून बोथट केली, माणसाच्या अंगाला लागू नयेत म्हणून. होडी धरायला त्याने आपल्या साडूला, गोमाला घेतलं.

पहिल्याच सुकतीला त्याचा हात दोरावर थांबला. असं म्हणतात, की पाच पुरुष पाण्याखालचा नवरीचा चुडा त्याला दोरातून कळला.

"हौशी हाय," तो म्हणाला. "खडकाच्या कपारीत आत अडकलीय."

"मग तिला आधी काढ," गोमा म्हणाला.

"तिला काढायला अख्खी सुकती जाईल. तेवढ्यात दुसरी दोघं निघतात. सप्तमीला उधाण उतरलं की हे पाणी सुटंल, आन् सगळ्यांना समुद्रात नेईल. माझी हाय ती. थांबंल."

मग रोजच्या सुकतीला तो हत्तिणीमागे उभा राहिला. कधी दोन, कधी तीन देह त्याने वर आणले. असं म्हणतात, की जिताड्यांनी त्या देहांभोवती कडं धरलं होतं आणि एकाही देहाला माशाचा दात लागला नव्हता. काठावर एकेक चिता पेटत गेली. रोज होडी परत आली, की जोमाची बायको बुधी विचारायची, "माझी दिसली का?" जोमा तिच्याकडे न बघता म्हणायचा, "अजून नाय."

षष्ठीपर्यंत दहा जण निघाले. सप्तमीला दोघं पुन्हा गेले. कपारीत गळ पोचेना, तेव्हा जोमा दोराचं टोक घेऊन स्वतः पाण्यात उतरला. जाताना गोमाला म्हणाला, "दोर तीनदा हलला की ओढ. माझी वाट बघू नको." तव्यावरची भाकरी शेकून होईल एवढा वेळ गेला. दोर तीनदा हलला. गोमाने ओढला, तर टोकाला हौशी होती. जोमाने तिला आपल्या मुंडाशाने दोराशी बांधलं होतं.

जोमा वर आला नाही. त्याला शोधायला ओढीत उतरणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

गोमाने बुधीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मीही थांबले असते."

आजही हत्तिणीमागे कुणी गळ टाकत नाही. वैशाख वद्य सप्तमीला सगळं करंजखार काठावर जमतं. बिनगळाचा एक लांब दोर सुकतीच्या पाण्यात सोडतात, आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई त्याचं टोक धरून विचारते, "जोमा, येतोस का?" भरती लागेपर्यंत कुणी बोलत नाही. मग दोर ओढतात. तो हलकाच येतो.

"यंदा नाय," म्हातारी म्हणते. आणि माणसं दोर वाळवून, गुंडाळून, पुढच्या सालासाठी जपून ठेवतात.