मापारीण आणि तीन ताम्रपट

एका राज्यात, जिथे ढगही राजाला विचारून बरसत, जिवाई नावाची मापारीण राहत होती. कापड, जमीन, दूध, जे म्हणाल ते मोजून द्यायची आणि तसूभर चूक व्हायची नाही. नवरा राणोजी दरबारातला गणिती. हुशार हो, पण घाई म्हणजे किती! तरी तिचा त्याच्यावर फार जीव.

एके दिवशी कंकाळ मांत्रिकाने राजविहीर बळकावली आणि दरबारात येऊन कोडं घातलं. "विहिरीत दगड सोडला. पाण्याला लागेपर्यंत नाडीचे ठोके मोजले. लागतानाचा वेग माझा आरसा सांगतो, एका ठोक्याला इतके हात. यावरून खोली कशी काढाल?"

"वेगात ठोके मिळवा!" राणोजी उठून म्हणाला, आणि खाली बसला तो पोपट होऊनच.

मापं घेऊन दरबारात आलेल्या जिवाईने त्याला खांद्यावर घेतलं. "अहो, नऊवारी लुगड्यात दोन घटका मिळवल्या तर किती वार होतील?"

"चुकलं खरं," पोपट म्हणाला.

ती तडक विहिरीवर गेली. कंकाळाने तीन ताम्रपट पुढे टाकले. "सूर्य बुडायच्या आत खरी रीत सांग. चुकलीस तर याची वाचा जाईल, आणि हा तुलाही विसरेल."

पोपट तिच्या मानेला बिलगला. जिवाईने पट उचलून वाचायला घेतले.

पहिला म्हणे, वेगाला ठोक्यांनी भागा. "खोली हातांत हवी. इथे ठोक्याने भागलेलं पुन्हा ठोक्यांनीच भागलं, ठोके जायचे सोडून दोनदा आले. खोटा!"

दुसरा म्हणे, वेगाला वेगानेच गुणा. "हातांना हातांनी गुणून शेत मोजतात, विहीर नव्हे. खोटा!"

तिसरा म्हणे, वेगाला ठोक्यांनी गुणा. ठोक्याला ठोका गेला, उरले नुसते हात.

"जुळलं! सांग, सांग!" पोपट नाचू लागला.

"गप्प बसा हो! माप जुळलं नाही तर नक्की खोटं. जुळलं म्हणजे खरंच, असं कुणी सांगितलं?"

सूर्य डोंगराला टेकला. जिवाईने एक खडा उचलून विहिरीवर धरला आणि सोडला.

"सुटताना याला वेग नव्हता," ती सावकाश म्हणाली. "मग सारखा वाढत गेला. सगळा वेळ शेवटच्या वेगाने पडला असं कसं धरू? मधला धरायचा, म्हणजे निम्मा. मांत्रिका, तिन्ही पट खोटे! वेगाला ठोक्यांनी गुणा आणि निम्मं करा."

कंकाळाचा धूर झाला. राजाची विहीर राजाला मिळाली, आणि खांद्यावरचा पोपट उडून समोर माणूस होऊन उभा राहिला.

जिवाई लगेच त्याला बिलगली नाही. मांत्रिकाच्या मायेचा काय भरवसा? तिने त्याचा हात ओढून कोपरापासून बोटांपर्यंत आपल्या वितीने मोजला. आपल्या चोळीसोबत त्याचाही सदरा तीच बेतायची. दोन विती आणि वर चार बोटं, तिला पाठ होतं.

"पुरा भरला?" राणोजीने भीत भीत विचारलं.

"भरला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. तो हात तिने घर येईपर्यंत सोडला नाही.