नावं तोलणारा तराजू

जंगलाने वेबसाइट काढली, त्या वर्षीची गोष्ट. सशांच्या बिळांचा नकाशा फक्त सशांनाच दिसावा म्हणून त्या पानाच्या दारात एक तराजू बसवला होता. आकडे तोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एकदा कोल्ह्याने आपलं नाव टाकलं. तराजूने एका पारड्यात "कोल्हा" ठेवलं, दुसऱ्यात "ससा". नावांना वजन कुठलं? पारडी समान राहिली, दार उघडलं. ससे कसेबसे निसटले.

"मला वजनच कळतं," तराजू ओशाळून म्हणाला.

"मग अक्षरं बघ, एकासमोर एक," वेबसाइट विणणारी सुगरण म्हणाली. तिने पारड्यांत प्रत्येक अक्षरासाठी घर विणलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हा पुन्हा हजर. त्याने पुन्हा तेच नाव टाकलं. पहिलंच अक्षर जुळेना, तसं पारडं कललं. दार हललंही नाही.

"काल तर सोडलंस," कोल्हा गुरगुरला.

"काल तुझं नाव तोललं होतं," तराजू म्हणाला. "आज वाचलं."