खोडलेला प्रबंध

एकदा एक विद्यार्थिनी प्रबंधाचं जाडजूड बाड छातीशी धरून आपल्या वृद्ध मार्गदर्शकांच्या दारात उभी राहिली. विषय होता स्पॅनिश अंगाईगीतं. स्पॅनिश साहित्यातली ही एम.ए. पदवी प्रबंध लिहूनच मिळत असे, आणि तोही स्पॅनिशमध्ये. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. महिनाअखेरीस प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात.

"सर, वाचून संपतच नाही हो," ती म्हणाली. "एक पुस्तक मिटावं, तर त्यात आणखी चार पुस्तकांची नावं. एक पंडित म्हणतो अंगाई बाळासाठी असते. दुसरा म्हणतो, छे, ती आईच्याच मनासाठी. मी दोघांनाही घेतलंय. अजून थोडं वाचलं तर कदाचित कळेल मला."

"काय कळेल?"

ती बाडाची पानं चाळू लागली. सर म्हणाले, "ठेव इथे. उद्या ये, शाल्मली."

दुसऱ्या दिवशी तिनं बाड उघडलं. पानंच्या पानं काळ्या शाईनं खोडलेली होती.

"अवतरणं चुकली का माझी?"

"एकही नाही. सगळी बिनचूक आहेत."

"मग खोडली का?"

"जे दुसऱ्यांचं होतं, तेवढंच खोडलं. उरलेलं वाच. मोठ्यानं."

ती वाचू लागली. "तथापि... याउलट... किंबहुना... दुसरीकडे पाहता..." आणि थांबली. तिचे कान लाल झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा भलताच तिरसट दिसतो. होताच तो. महिनाअखेर तोंडावर आलेली असताना कुणी असं करतं का? पण तो हसला नाही, एवढं ध्यानात घ्या.

"म्हणजे यात माझं काहीच नाही?" तिला रडू कोसळलं. "मला काही समजतच नाहीये, सर. सोडून देऊ का सगळं?"

"रडतेस काय? पान उलट."

बरीच काळी पानं गेल्यावर एका पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक टीप तेवढी शाबूत होती. 'मी वाचलेल्या अंगाईगीतांत प्रत्येक आई बाळाला नीज म्हणते. त्या आईला नीज म्हणणारं मात्र कुणीच दिसत नाही.'

तिनं ती दोनदा वाचली. मग घाबरून म्हणाली, "अरे देवा, याचा संदर्भ द्यायचा राहिला! कुणाचं आहे हे? शोधते मी."

"शोध खुशाल. सापडायचं नाही. तू लिहिलंयस ते."

"पण हे तर कुठल्याच पंडितानं म्हटलेलं नाही!"

"म्हणूनच ते तळाशी लपवलंस ना?" सर शांतपणे म्हणाले. "अगं, लग्नघरी तू इतके पाहुणे बोलावलेस, एकेकाला मानानं पाटावर बसवलंस, आणि यजमानीण स्वतःच दाराबाहेर राहिली. ज्ञानी जनांचा आदर करावा, त्यांचं ऐकून घ्यावं; त्यांच्या पाठीशी दडून बसू नये. वाचन ही बोलण्याची पूर्वतयारी असते. तू ते न बोलण्याचं निमित्त केलंस. मग प्रबंध संपणार कसा?"

"आणि माझं चुकलं तर?"

"तर निदान चूक तरी तुझी असेल."

ती घरी गेली तेव्हाही तिच्या मनातला गोंधळ पुरता निवळला नव्हता. पण त्या एका वाक्यापाशी बसून तिनं लिहायला घेतलं. खोडलेल्यांपैकी निम्मे पंडित परतही आले. या खेपेस प्रत्येकाला तिनं काहीतरी विचारलं होतं. शेवटच्या दिवशी प्रबंध दाखल झाला.

मौखिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी चष्मा काढला, त्या वाक्यानं सुरू होणारं पहिलंच पान पुढे सरकवलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, "हे मत कुणाचं?"

तिच्या ओठांवर चार थोर नावं आली. तिनं सरांकडे पाहिलं. सर मन लावून चहातली साखर ढवळत होते.

"माझं," ती म्हणाली.

परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग सांगा," ते म्हणाले, "ऐकतो आहे मी."