एक्केचाळिसावी ओळ

"...बाई, आणखी किती नाव काढू?"

निनाद वाघचौरे अंगणात शिरला तो हाच प्रश्न घेऊन. पुण्याहून वेरळपर्यंत एसटीत सात तास तो तेवढंच घोकत आला होता.

कुंदाबाई शेंबेकर कोकमाची सालं वाळत घालत होत्या. पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. 'रहाट' त्यांचा. प्रोग्रामचे शंभर तुकडे योग्य क्रमानं, कोड मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरकडे द्यायचे आणि त्यांचा मिळून एक चालता प्रोग्राम बांधायचा, हे रहाटचं काम. रहाटमध्ये काय घ्यायचं आणि काय नाही, ते बाई ठरवत.

"चहा घेशील?"

"आधी उत्तर द्या, बाई."

"मग थांब," असं म्हणून बाई पुन्हा कोकमाकडे वळल्या.

थांबायला त्याला वेळ होता कुठं? आठ वर्षं खपून त्यानं नदीच्या पुराचा अंदाज सांगणारा प्रोग्राम लिहिला होता, तोही 'मैना' या भाषेत. मैना कुणाला ठाऊक? देशभरात मोजून चाळीस माणसं ती लिहीत असतील. आता धरणाच्या कार्यालयानं कळवलं होतं, आमच्याकडे सगळं रहाटवर बांधतात. सोमवारपर्यंत रहाटला तुमची मैना कळली तर ठीक, नाहीतर हा प्रोग्राम टाकून देऊ आणि दुसऱ्या भाषेत नवा लिहून घेऊ.

आणि रहाटला मैना शिकवणारा कोड निनादनं सहा महिन्यांत तीनदा पाठवला होता. तिन्ही वेळा बाईंचं उत्तर दोन शब्दांचं. 'नाव काढ.'

ठीक आहे, निनादनं मनाशी म्हटलं, नवख्याला कुणी दारात उभं करत नाही. काढू नाव. मग तो भाषणं ठोकत हिंडला. लेख लिहिले. नाशिकला शाल-श्रीफळ झालं. चार कात्रणं जमली की तोच कोड, कानामात्रेचाही फरक न करता, पुन्हा पाठवायचा. उत्तर पुन्हा तेच. माणसानं सोसावं तरी किती?

त्यानं कात्रणांची फाइल बाईंपुढे धरली. "हे बघा. चौदा लेख. हा नाशिकचा सत्कार. पेपरात फोटो यायचा राहिला होता, तोही आला."

बाईंनी फाइल घेतली. कोकमाखालचा कागद वाऱ्यानं उडत होता. त्याच्या कोपऱ्यावर त्यांनी ती ठेवून दिली.

"बाई..."

"उत्तर कुठल्या ओळीसमोर लिहिलं होतं, पाहिलंस?"

"ओळ? मी मेलमध्ये वाचलं. मोबाइलवर."

"तिन्ही वेळा?"

"...हो."

बाईंनी कोकमानं लाल झालेला हात तसाच कपाळाला लावला. मग आत जाऊन जुना लॅपटॉप आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"बांध तुझा प्रोग्राम. मैनाचा कंपायलर आहे त्यात."

"तुमच्याकडे मैना?"

"तू पहिल्यांदा कोड पाठवलास, त्याच दिवशी बसवून घेतली."

निनादनं प्रोग्राम बांधायला घेतला. रहाट सुरू झाला आणि थांबला. पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबला.

"असं कसं? माझ्याकडे व्यवस्थित चालतं," तो वैतागून म्हणाला.

"काय म्हणतोय ते वाच."

"होम... निनाद... मैना. असा फोल्डर सापडला नाही."

"पुढं."

"ओळ एक्केचाळीस."

त्यानं ती ओळ उघडली. मैनाचा कंपायलर कुठं शोधायचा ते तिथं लिहिलं होतं. कुठं, तर त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या, त्याच्याच नावाच्या फोल्डरात. दुसऱ्या कुणाच्या मशिनवर तो फोल्डर असायचं काही कारणच नव्हतं. आणि त्या ओळीसमोर बाईंचा शेरा, तीन तारखांना तीनदा: नाव काढ.

निनादचे कान तापले. सहा महिने. अहो, सहा महिने हा माणूस गावोगाव शाली पांघरत हिंडला, आणि काढायची होती तीन अक्षरं.

"बाई, जरा स्पष्ट लिहायचं होतं ना."

"याहून स्पष्ट कसं लिहितात?"

तो चिडला होता. बाईंवर की स्वतःवर, ते त्यालाच कळेना. त्यानं ती ओळ खोडली. ज्याच्या मशिनवर कंपायलर जिथं असेल, तिथं रहाटनं स्वतः शोधावा, असं लिहिलं. प्रोग्राम बांधला गेला. बाईंनी सगळा कोड दोनदा वाचला, एक चूक दाखवून ती दुरुस्त करायला लावली, आणि मैना रहाटमध्ये घेतली.

मग चहा झाला.

दुपार कलली तसा बाईंचा फोन वाजला. धरणाच्या कार्यालयातले मुजावर होते. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, नवा रहाट घेतला. मैना चालतेय, आमच्या तिन्ही मशिनवर. साहेब म्हणाले, मग आहे तोच प्रोग्राम राहू दे." मुजावर खुशीत होते. "पण हे केलं कुणी? साहेब पत्रात नाव घालू म्हणतायत."

बाईंनी फोन निनादपुढे सरकवला.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच तर सारी पायपीट केली होती. फाइल अजून कोकमाच्या कागदावर होती. तिच्या कोपऱ्याला लाल डाग पडला होता. निनाद तिच्याकडे बघत राहिला...

"कुणी का केलं असेना," तो म्हणाला. "तिन्ही मशिनवर पाण्याची पातळी सारखीच येतेय ना, तेवढं बघून घ्या."

फोन बंद झाला. बाईंनी कोकमाची दोन सालं उलटी केली.

"काढलंस रे नाव."