शेंगदाण्याची एकादशी

"आणि हा का जेवत नाहीये?"

मुकुंद महाराजांनी खिडकीखालच्या पिंजऱ्याकडे बोट केलं.

"आज एकादशी आहे, महाराज," विश्वंभर म्हणाला.

"तुझी."

"मठाची. आज मठात कुणी अन्नाला शिवत नाही. आता हाही मठातलाच."

गुडघ्यावर हात टेकत महाराज खाली बसले आणि पिंजऱ्यात बघत राहिले.

आत एक गिनीपिग होता. शेपूट नसलेला, आखूड पायांचा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा. रंगावरूनच त्याचं नाव शेंगदाणा पडलं होतं.

ते नाव ओवीनं ठेवलेलं. ओवी म्हणजे गावातल्या शाळेच्या हेमलताबाईंची मुलगी. वाढदिवसाला तिनं हा हट्टानं मागून घेतला, आणि महिनाही झाला नाही तोच तापात ती गेली.

बाई पिंजरा घेऊन मठात आल्या होत्या. "घरात याची चाहूल ऐकवत नाही. आणि परक्याला द्यायला जीव होत नाही," एवढंच म्हणाल्या.

महाराजांनी तो विश्वंभरच्या हाती दिला.

विश्वंभर या मठात आला तेव्हा त्याचे केस काळे होते. आता कानशिलं पांढरी झाली होती. त्याची एकादशी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. निर्जळी. पाण्याचा थेंबही नाही. द्वादशीला सकाळी लोक त्याच्या पायावर डोकं ठेवायला रांग लावत. महाराजांच्या मागे गादीवर तोच बसणार, असं लोक बोलत. तोही ऐकत असे, आणि ऐकलं नाही असं दाखवत असे.

जनावर हाती आलं त्या रात्री तो कुढत बसला होता. जपाची दीक्षा मागितली होती, आणि मिळालं काय, तर उंदराचा भाऊ. पण गुरूची आज्ञा. त्यानं ती पाळली, जसं सगळं पाळत असे. पिंजरा रोज झाडायचा. पाणी रोज बदलायचं. सकाळी कोथिंबिरीची एक जुडी, संध्याकाळी एक जुडी. शिस्तीत.

दशमीला सूर्य मावळला तेव्हा त्यानं पिंजऱ्यातली गवताची शेवटची काडीही झाडून काढली होती.

"बाईंनी देताना काय सांगितलं होतं?" महाराजांनी विचारलं.

"पुष्कळ. कोथिंबीर द्या, भोपळी मिरचीचा तुकडा रोज द्या, कांदा-बटाटा देऊ नका, उन्हात ठेवू नका..."

"आणखी?"

"...याच्यापुढचं सुकं गवत कधी संपू देऊ नका, म्हणाल्या होत्या."

"मग?"

"एका दिवसानं काय होतंय, महाराज? देहाला थोडी सवय लावावी. मी स्वतः—"

"हात लावून बघ."

विश्वंभरनं पिंजऱ्याचं दार उघडलं. एरवी त्याचा हात आत गेला की शेंगदाणा कोपऱ्यात पळायचा. आज पळाला नाही. अंगाचा गोळा करून बसला होता. केस पिंजारलेले. डोळे अर्धे मिटलेले. कान गार लागले.

विश्वंभरनं हात मागे घेतला.

मग तो धावला. गोठ्यातून सुकं गवत आणलं, मुदपाकखान्यातून कोथिंबीर आणली. सगळं त्याच्या तोंडाशी धरलं. शेंगदाण्यानं नाकसुद्धा हलवलं नाही.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कधीपासून पोटात काही नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल संध्याकाळपासून."



"अहो, या जनावराचं पोट सतत चालू लागतं. रिकामं राहिलं की आतडी थांबतात. थांबली की मग आम्हालाही फार काही करता येत नाही. मी निघतोच. तोवर ऊब द्या. काहीही करून खायला लावा."

विश्वंभरनं शेंगदाण्याला आपल्या अंगावरच्या छाटीत गुंडाळलं. कोथिंबीर वाटून तिचा रस कापसाच्या बोळ्यानं ओठांना लावला. रस हनुवटीवरून खाली ओघळला. दुसऱ्यांदाही ओघळला.

"महाराज, हे जनावर गेलं तर... मी बाईंना काय सांगू?"

त्यानं बोळा पुन्हा रसात बुडवला.

"त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. तेही मी..."

आजवर विश्वंभरला उपवास कधी जड गेला नव्हता. आज जड जात होता.

महाराज म्हणाले, "बाई आणखी काही बोलल्या होत्या?"

विश्वंभरनं मान खाली घातली. बोलल्या होत्या. त्यानं ते नीट ऐकलंही होतं, आणि पोरकटपणा म्हणून सोडून दिलं होतं.

"नवीन आणला तेव्हा हा घाबरून काही खात नव्हता म्हणे. ओवी याच्याशेजारी पालथी पडायची. नाकाला नाक लावून स्वतः काकडी खायची... कराकरा आवाज करत. ते ऐकून हा खायला लागला. कळपातलं जनावर आहे, म्हणाल्या. एकट्यानं खायला भितं."

महाराजांनी ऐकलं. समोर कोथिंबिरीची जुडी पडली होती. ती त्यांनी उचलली नाही. बोटानं हळूच विश्वंभरकडे सरकवली.

विश्वंभर तिच्याकडे बघत राहिला.

"महाराज... आज..."

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर सांजआरतीची घंटा झाली. लोक सभामंडपात जमू लागले होते. खिडकीतून खोली स्पष्ट दिसत होती. कुणीतरी हाकही मारली, "विश्वंभरबुवा, निरांजन लावायचंय!"

विश्वंभर उठला नाही. त्यानं छाटीचा वेढा सैल केला आणि शेंगदाण्याला जमिनीवर ठेवलं. स्वतः त्याच्यासमोर पालथा झाला. हनुवटी फरशीला टेकली. मग जुडीतलं एक देठ काढून त्यानं तोंडात घातलं.

आणि चावलं.

खिडकीशी कुजबुज झाली.

"अहो, खातायत की ते!"

"आज? एकादशीला?"

विश्वंभरला ऐकू गेलं. त्याचे कान तापले. तरी त्यानं दुसरं देठ घेतलं. मग तिसरं. कोरड्या तोंडातून घास खाली उतरत नव्हता. तो मोठ्यानं चावत राहिला, एखाद्या मुलीनं चावावं तसा.

शेंगदाणा हलला नाही.

"खा रे," विश्वंभर पुटपुटला. "चुकलं माझं. खा रे बाबा..."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडलं. आरती सुरू झाली. टाळ वाजू लागले. तो चावतच होता.

मग त्या चिमुकल्या नाकाशी किंचित हालचाल झाली. एकदा. पुन्हा एकदा. मान पुढे आली. विश्वंभरच्या ओठांतून एक देठ बाहेर लोंबत होतं. शेंगदाण्यानं त्याचं टोक हुंगलं, दातांत धरलं आणि ओढून घेतलं.

बारीकसा करकर आवाज आला.

विश्वंभरनं श्वास रोखला. ते देठ संपलं. मग त्यानं दुसरं पुढे केलं, आणि तेही गेलं.

डॉक्टर आले तेव्हा आरती संपून लोक पांगले होते. त्यांनी पोट चाचपलं, औषधाचे थेंब पाजले. "वाचला," म्हणाले. "आता याच्यासमोरचं गवत हलवू नका."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पायावर डोकं ठेवायला कुणी आलं नाही. दोघं-तिघं लांबूनच बघून निघून गेले.

हेमलताबाई मात्र आल्या. विश्वंभर उठून उभा राहिला.

"बाई, मी याला उपाशी ठेवलं होतं. काल हा जात होता."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पिंजऱ्याशेजारी बसल्या. आत गवत चावल्याचा आवाज येत होता. तो त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.

"उद्या येते," जाताना म्हणाल्या. "येताना काकडी आणीन."

त्या गेल्यावर विश्वंभर महाराजांसमोर जाऊन बसला.

"महाराज, इतकी वर्षं पाळलेली एकादशी... काल माझ्या हातून गेली."

"हं."

"तिचं काय करू?"

महाराज गोठ्यातून आणलेलं गवत निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊ दे... एकादशी काही उपाशी मरत नाही."